भिवा आणि टगचं नवं रबर

८ जाने.
आमच्या टगच्या, म्हणजे बार्ज ओढणाऱ्या बोटीच्या, नाकाचं नवं रबर आलं एकदाचं. जुनं तडकून आतले बोल्ट मालवाहू बार्जच्या पत्र्याला घासत होते. सहा जणांनी उतरवलं. भिवाने नाक लावून वास घेतला. "नवी चप्पल घेतल्यासारखो वास येता रे, इनास." मी टग चालवतो, हा बावीस वर्षं माझ्या डेकवर आहे, पण नवीन वस्तू दिसली की पोर होतो.

१० जाने.
रबर बसलं. दोन्ही बाजूंचे धक्का झेलणारे टायर मात्र जुनेच, साखळीने टांगलेले. ते बांधायचं काम भिवा दुसऱ्या कुणाला देत नाही.

१३ जाने.
रिकामी बार्ज बाजूला घेत होतो. मधल्या टायरची साखळी निसटलेली, भिवा डेकच्या कडेला बसून, एक पाय बाहेर टाकून ती अडकवत होता. लाट आली, बार्ज वळली. केबिनमधून तीनदा ओरडलो. वळला नाही. भोंगा दिला तेव्हा वळला, तोवर बार्ज टेकली. टायर पार चेपले. त्याचा पाय दोन टायरांच्या मधल्या जागेत होता, म्हणून वाचला. बूट गेला समुद्रात. तो हसला. मला हसू येईना.

१४ जाने.
घरी लिलीला सांगितलं. ती म्हणाली, "तेका आयकाक येणा नाय. मी बोलतंय तेवा माज्या तोंडाकडे बघत रवता." बायकोला दिसलं, मला नाही. मला वाटायचं, माझ्या मनातलं ह्याला न बोलता कळतं.

१५ जाने.
भिवाला जेटीवर विचारलं. समोर उभा राहून.
"कधीपासून?"
"शिमग्यापासून."
"माका सांगूक नाय?"
"तू हापिसात सांगलं असतंस." मग म्हणाला, "तुज्या हाताकडे बघून बावीस वर्सां काम केलंय. आता काय बदलला?"


१८ जाने.
कुडाळला कानाच्या डॉ.कडे नेला. मशीन लावून बरंच ऐकू येईल म्हणाले. पण डेकवर काम करायचं तर आधी ऑफिसला कळवा. परतताना भिवा वाटभर खिडकीबाहेर बघत होता.

२१ जाने.
डेकवरच्या माणसांचे फिटनेसचे फॉर्म परवा आले. भिवाच्या फॉर्मवर सही माझी. 'हाक ऐकू येते : होय / नाही.' दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. 'होय' लिहिलं तर तो खूश. आणि परत पाय बाहेर टाकून बसला तर...

२३ जाने.
'नाही' लिहिलं. ऑफिसात साहेबांना तोंडीही सांगितलं, "त्याला कमी ऐकू येतं, साहेब. कडेला पाठवणार नाही, पण टगवर राहू द्या. त्याच्याइतकं हे काम कुणाला कळत नाही." म्हणाले, "शुक्रवारी त्याची तपासणी होऊ दे, मग बघू. तोवर कडेला नको."
संध्याकाळी भिवाला सांगितलं. त्याने वाकून टायरची एक साखळी ओढून बघितली.
"साखळ्यो कोण बघतलो?"
"तूच बघ. बांधतलो दुसरो."
भिवा गाडीला किक मारून गेला. उद्या सहाला टग सुटते. येणार की नाही, कळायला मार्ग नाही. लिलीला डबा नेहमीसारखा दोघांचा, माझा नि भिवाचा, भरायला सांगितलाय.