‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय निवडल्याचे परिणाम आणि गुरुवारची रजा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : नियंत्रण कक्षातील नकाशाचे सॉफ्टवेअर अर्जदाराच्या एकट्याच्या खात्यातून मोकळे करून अर्जदारास गुरुवारी एक दिवसाची रजा मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या रजेच्या अर्जावरील आपला शेरा, “सॉफ्टवेअरची पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय रजा देता येत नाही.”

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार नियंत्रण कक्षात सकाळपाळीचा लिपिक आहे. कुठे पाइप फुटला की नकाशा पाहून कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते चावीवाल्याला फोनवर सांगणे, हे या कक्षाचे काम. पूर्वीचा नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि घडीवर नेमका बाजारपेठेचा भाग फाटलेला होता, त्यामुळे बाजारात पाणी फुटले की कारभार अंदाजपंचे चाले. म्हणून नकाशाचे सॉफ्टवेअर आले, तेव्हा सर्वांनाच आनंद झाला. अर्जदारालाही झाला. तो आता उरलेला नाही.

२. सॉफ्टवेअर बसवण्याचे काम अर्जदाराच्या गळ्यात पडले. पडद्यावर प्रश्न आला : सर्वांसाठी बसवायचे की फक्त माझ्यासाठी? अर्जदाराने अर्थातच ‘सर्वांसाठी’ निवडले, कारण तो आपमतलबी नाही. त्यावर संगणकाने प्रशासकाचा पासवर्ड मागितला. तो संगणक कक्षाच्या साहेबांकडे असतो आणि साहेब त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले होते. बाहेर उपअभियंता, हेडक्लार्क आणि चावीवाला उद्घाटनासाठी ताटकळत उभे होते, चहा निवत होता. अर्जदाराने मागे जाऊन ‘फक्त माझ्यासाठी’ निवडले आणि बसवण्याची जागा म्हणून स्वतःच्या खात्यातले फोल्डर दाखवले. संगणकाने हूं की चूं केले नाही. स्वतःच्या खोलीत खिळा ठोकायला कोणाला विचारावे लागत नाही, इमारतीच्या भिंतीला ठोकायचा तर लागते, तसाच हा प्रकार. उपअभियंत्यांनी अर्जदाराची पाठ थोपटली. हे शहाणपण पुढे अंगाशी आले.

३. दुपारपाळीच्या लिपिकाने आपल्या नावाने संगणक उघडला, तर सॉफ्टवेअरचा पत्ताच नाही. अर्जदाराने लगेच सुचवले की प्रत्येकाने आपापल्या खात्यात तसेच बसवून घ्यावे, त्याला कोणाचाच पासवर्ड लागत नाही. हेडक्लार्क म्हणाले, एका संगणकावर तीन प्रती दिसल्या तर लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार? तेव्हापासून तिन्ही पाळ्या अर्जदाराच्याच खात्यात काम करतात.

४. पासवर्ड दुसऱ्याला सांगू नये, असे आपले परिपत्रक आहे आणि अर्जदार ते पाळतो. संगणक मात्र जरा मोकळा राहिला की कुलूप लावून बसतो. दुपारपाळीचे लिपिक चहाला गेले की अर्जदाराला घरून बोलावणे येते. घर कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत आहे, हे अर्जदाराचे दुर्दैव. एकदा तर केशकर्तनालयातून एक गाल साबणाचा आणि एक कोरा अशा अवस्थेत येऊन पासवर्ड टाकावा लागला. त्या वेळी कक्षात पाहणीसाठी पाहुणे आले होते. त्यांना अर्जदाराची ओळख ‘आमची प्रणाली’ अशी करून देण्यात आली.

५. खाते सदैव उघडे असल्याने संगणकी हजेरीत अर्जदार तिन्ही पाळ्यांना हजर दिसतो. आस्थापना शाखेने याबाबत खुलासा मागवला आहे : अर्जदार झोपतो केव्हा? त्याच शाखेने दुसऱ्या पत्राने अर्जदाराचे नाव कर्तव्यदक्षतेच्या प्रशस्तिपत्रकासाठी पुढे पाठवले आहे. दोन्ही पत्रांना एकच उत्तर द्यावे की वेगवेगळे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

६. संगणक कक्षाचे साहेब परतल्यावर अर्जदाराने रीतसर तक्रार नोंदवली. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी फोन केला. तो दुपारपाळीच्या लिपिकाने घेतला, अर्जदाराला बोलावून पासवर्ड टाकून घेतला आणि सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू असल्याचे कळवले. तक्रार निकाली निघाली.

७. येथवर अर्जदाराने हसून साजरे केले असते. परंतु अर्जदाराला एक थोरली बहीण आहे. आई लवकर गेल्यावर ताईनेच अर्जदाराला लहानाचे मोठे केले. तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया बुधवारी संध्याकाळी असून पट्टी गुरुवारी सकाळी सोडणार आहेत. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीपासूनच दिसत नाही. मागच्या तपासणीला रजा काढून अर्जदार तिच्याबरोबर गेला होता. तिचा नंबर यायच्या बेतात असतानाच कक्षातून फोन आला : मोठी लाइन फुटली आहे, नकाशा उघडत नाही. अर्जदार तिला बाकावर बसवून धावत गेला. ताई कोणा अनोळखी बाईचा हात धरून घरी आली. अर्जदाराला त्या दिवसाची लाज वाटते, आणि ती लपवावी असे त्याला वाटत नाही.

ताईने दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “पट्टी सोडतील तेव्हा आधी तुझं तोंड बघू दे. मग जा बापड्या, कर तुझं पाणी बंद.”

८. सबब विनंती की, पुढीलपैकी काहीही एक करावे. संगणक कक्षाच्या साहेबांनी प्रशासकाच्या पासवर्डासह कक्षात येऊन सॉफ्टवेअर ‘सर्वांसाठी’ बसवावे, त्यांचा चहा थंड होणार नाही एवढ्यात हे उरकते. ते शक्य नसल्यास इतर दोन्ही लिपिकांना आपापल्या खात्यात ‘फक्त माझ्यासाठी’ निवडून आपापले फोल्डर दाखवण्याची लेखी परवानगी द्यावी, अर्जदार बुधवारी सकाळी शेजारी बसून ते करून घेईल. लेखापरीक्षणाबाबत नम्रपणे कळवावेसे वाटते की, एकाच कक्षात तिघा लिपिकांचे तीन कप आहेत आणि त्यावर आजवर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

९. दोन्ही शक्य नसल्यास विभागाने एक दिवस कापडी नकाशावर काढावा. फाटलेला भाग अर्जदाराने काल घरून डिंक आणून जोडला आहे. बाजारपेठेतले व्हॉल्व्ह आता वाचता येतात.

१०. विभागाचे काम अर्जदाराच्या खात्यावर भागते, ताईचे भागत नाही. गुरुवारी सकाळी अर्जदार तिच्यासमोर बसलेला असेल : रजा मंजूर झाल्यास रजेवर, न झाल्यास बिनपगारी, आणि कारवाई झाल्यास कारवाईसह. फोन बंद राहील.

आपला, गुरुवार सोडून सदैव हजर,

(सही)
लिपिक, सकाळपाळी,
नियंत्रण कक्ष

दिनांक : सोमवार, जेवणाच्या सुट्टीत
सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी