सतरावा नमुना

प्रिय तादेय,

अजून 'प्रिय'च लिहिते आहे. तीन वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही.

आपला संशोधनाचा पेपर छापून आला म्हणून काल प्रयोगशाळेत सगळे मागे लागले, "येरित्साबाई, पोतित्सा कुठाय?" मी अक्रोड भरून भाजून आणली होती. तू ग्लास उंचावून म्हणालास, "आम्ही सगळ्यांनी मिळून हे शोधलं." आपल्या भाषेत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे, तादेय. तीन वर्षं तू माझ्याशी त्यातच बोललास. काल बहुवचनावर का घसरलास, ते घरी येऊन पेपर वाचल्यावर कळलं. शेवटचा मसुदा आला तेव्हा मी बाबांच्या उशाशी होते. तुझ्यावर भरवसा ठेवून न वाचताच सही केली. ती चूक माझी.

पेशी जनुकाकडून आलेला लांबलचक संदेश घेते, नको ते तुकडे कापते, हवे ते जोडते. एक अक्षर बदललं की कात्री चुकते, चौथा तुकडा गळतो आणि गाठ वाढवणारं प्रथिन तयार होतं. मेंदूच्या तेवीस गाठींत ते अक्षर बदललेलं होतं. बावीस गाठींत तुकडा गळला होता, सतराव्या गाठीत तो जागच्या जागी होता. "नमुनाच खराब असेल गं," तू म्हणालास. मी तीनदा तपासला, चांगला होता. आणि पेपरात काय? बावीसपैकी बावीस! तूही कात्री चालवलीस, तीही इतक्या सफाईने की जोड दिसत नाही. तू मला फसवलंस.

सतरावा नमुना बाबांचा, हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं. संमतीपत्रावर डाव्या हाताने सही करताना ते हसले होते, "घ्या हे डोकं. शाळेत कधी चाललं नाही, इथे तरी चालू दे."

या पेपराच्या आधारे वसंतात औषधाची चाचणी सुरू होईल. बाबांसारखी गाठ असलेल्यांनाही तेच औषध देतील, ते लागू पडणार नाही, आणि दुसरे उपचार करायची त्यांची वेळ निघून जाईल. म्हणून मी संस्थेच्या समितीला पत्र लिहिलं आहे: सतरावा नमुना पेपरात पुन्हा घाला, चूक आम्हा दोघांची. सगळी क्रियापदं द्विवचनात आहेत. खाली दोन सह्यांची जागा आहे, एक मी केली आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत तू आला नाहीस, तर तेच पत्र एकवचनात उतरवून देईन.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
येरित्सा