गीतांजलीचा निळा झिंगा

रुआबांधा, भिलाई
९ जुलै २०२३

ती. कलावतीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मले आता काहीच ऐकू येत नाही. स्टील प्लांटच्या मिलमधी कान गेले ते गेले, म्हणून कागदच बरा.

गीतांजली दवाखान्यातून घरी आली. सातव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं, हे तुले अभिनवनं सांगतलंच असन. सूनबाई दिवसभर भिंतीकडे पाहून राहते. त्या गोष्टीचं नाव घरात काढायचं नाही, असं आम्ही बापलेकांनी ठरवलं. झबली-टोपरी मी माळ्यावर टाकून दिली.

मागच्या आठवड्यात मात्र ती स्वतःहून अभिनवसंग सिविक सेंटरच्या बाजारात गेली अन् एक निळा क्रेफिश घेऊन आली. खेकड्यासारखे चिमटे असलेला मोठा झिंगा समज. तो सोडला माझ्या मरळीच्या टँकमधी. मी म्हटलं, मरळ शिकारी मासा, या दोघांचं जमणार नाही, त्याले टबात ठेवा. अभिनव म्हणे, दुकानदारानं जमते म्हणून सांगतलं, अन् आता तिले काही म्हणू नका. मी टबाचा हट्ट सोडला. पण ती मरळ बोटाएवढी होती तेव्हापासून तुझ्या भावजयीनं वाढवलेली. मथुरा वारली, तरी मरळ मले पाहून काचेजवळ येते.

तब्येतीले जप, अन् या बहिऱ्या भावावर माया राहू दे.

तुझा दयाराम


तुमसर
१८ जुलै

चि. दयारामास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसली, मग डोळे पुसले. इथं तुमसरात असती तर तुझी मरळ केव्हाच रश्श्यात गेली असती, अन् तू तिले लेकीसारखी सांभाळून राहिला.

त्या गोष्टीचं नाव काढत नाही, हे बरं करता. हळूहळू विसरन पोरगी. तिचा जीव कशात तरी लागला, हेच पुष्कळ. झिंगा तर झिंगा. डिंकाचे लाडू पाठवते. ते सुनेसाठी आहेत, तू हात लावू नको.

घरात सर्वांले आशीर्वाद सांग, अन् पत्र टाकायचा आळस करू नको.

तुझी ताई


रुआबांधा, भिलाई
२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाडू पोचले, पण खाणारी घरात नाही.

गीतांजली रोज झिंग्याले वाटाणा सोलून देई अन् त्याच्यासमोर बसून स्वतःही दोन घास खाई. हे मी पाहत होतो, म्हणून सहन केलं. मरळ तळाशी टेकली की तो चिमटे लावे. पंख कुरतडले, मग तिचा डावा डोळा गेला. अभिनवले दाखवलं तर म्हणे, तुमाले मासा दिसते, सून दिसत नाही.

मग झिंग्यानं जुनं कवच टाकलं. तसं झालं की तो मऊ पडते. मरळीनं त्याले गीतांजलीच्या डोळ्यांसमोर गिळलं. अभिनव माझ्यावर ओरडला. मी त्याच्यावर ओरडलो, अन् बहिऱ्या माणसाले आपला आवाज किती चढला ते समजत नाही. बाजूचे लोक अंगणात आले. गीतांजली आमच्या मधी येऊन काही बोलत होती. तिचे होठ हलताना दिसले, तेवढंच. अभिनवची तिच्याकडे पाठ होती. तो तसाच मरळ बादलीत घालून निघाला अन् रिकामी बादली घेऊन परतला. शिवनाथ नदीत सोडली म्हणते. हातातून खाणारा, एका डोळ्याचा मासा नदीत किती जगन?

दुसऱ्या दिवशी सकाळी गीतांजलीचा भाऊ आला अन् तिले राजनांदगावले घेऊन गेला. माझ्या पाया पडली, पण वर पाहिलं नाही. मी अन् अभिनव आता बोलत नाही.

रागावू नको, दोन ओळी लिही.

दयाराम


तुमसर
२८ ऑगस्ट

चि. दयारामास,
आशीर्वाद.

झिंग्यापायी घर मोडता का रे? अभिनव ताठून बसला असन तर तू जा. तिले तसाच दुसरा झिंगा घेऊन दे अन् मान खाली घालून घरी चल म्हण. मोठ्यानं वाकलं तर काही कमी होत नाही.

सून आल्याचं कळव, मगच मले झोप येईन.

तुझी ताई


रुआबांधा, भिलाई
१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगतलं तसं केलं. तसाच निळा क्रेफिश घेतला अन् पाण्याच्या पिशवीत धरून बसनं राजनांदगावले गेलो.

गीतांजलीनं चहा दिला. पिशवी पाहून विचारलं की बाबा, हे कावून आणलं. मी म्हटलं, तुझा गेला म्हणून. तेव्हा ती माझ्या कानाजवळ आली अन् इतक्या मोठ्यानं बोलली, की तिच्या माहेरच्या सर्वांनी ऐकलं. म्हणाली की झिंगा मेला तर तुम्ही दोघं भांडले, मरळीसाठी भांडले, अर्धी गल्ली जमा केली. माझी पोरगी गेली तेव्हा घरात कोणाचा आवाज निघाला नाही. त्या दिवशी मधी उभी राहून मी हेच सांगत होती.

ताई, पोरगी होती हे मले तेव्हा समजलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग विचारलं की तिचं नाव ठेवलं होतं का. हो म्हणाली. कोणतं, म्हटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली की ते आता तुमाले सांगत नाही.

ती येणार नाही. अभिनवले अजून सांगतलं नाही.

मायेत उणं पडू देऊ नको.

तुझा दयाराम