पाठीचं नवं माप

लातूर, १८ नोव्हेंबर

ती. गुरम्मा मावशी,

तुझ्या अंबिकाचा शरणार्थी, वाकून नमस्कार. मी इकडं मजेत. तू, काका आणि तुझी शिलाई मशीन, तिघंही ठणठणीत असाल असं धरून चालते. फोन सोडून पत्र का लिहिलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि दुकानातल्या सगळ्या बाया मान पुढं काढून ऐकतात. मला जे सांगायचंय ते फक्त तुला सांगायचंय.

आधी बातम्या. उदगीरला आई-अप्पा बरे आहेत. अप्पा फोनवर अजूनही "जेवलीस का?" याच्यापुढं जात नाहीत. मी काम करते त्या क्लासच्या हापिसात नवीन साहेब आलेत, दिवसातून चारदा चहा पितात आणि कामाचं विचारलं की देवळात जातात. आपल्या मंजुश्रीचा साखरपुडा लई झकास झाला. काकांना ताप म्हणून तू आली नाहीस, आणि माझा तमाशा बघायची राहिलीस. तू शिवलेलं जांभळं ब्लाऊज घालून मी ताट उचलायला दोन्ही हात पुढं केले, तर पाठीवर टर्रकन फाटलं! आईनं धावत येऊन पदर टाकला. मी हसून हसून बेजार. पण आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गुरम्माचा हात आता थकला वाटतं." तेव्हा मात्र माझं हसू पळालं.

तुझा हात थकलेला नाही, मावशी. मी माप बरोबर पाठवलं होतं. छातीचा घेर वाढलेला आणि कंबर कमी झालेली बघून तूच "पोरीनं टेप उलटी धरली असंल" म्हणालीस आणि जुन्या मापावर कापलंस. तुझ्या हाताला कुणी नाव ठेवावं हे मला सोसत नाही, म्हणून खरं ते सांगते.

माझी पाठ वाढली आहे. मी मुद्दाम वाढवली आहे.

आईला सांगितलंय की खुर्चीत बसून पाठ दुखते म्हणून जिमला जाते. ते अर्धंच खरं. खरं म्हणजे मी बॉडीबिल्डिंग करते. आमचे जिमचे सोमेश सर पहिल्यांदा माझी पाठ बघून म्हणाले, "वरची माडी बांधलीस, खाली भिंतच नाही!" बगलेपासून कमरेपर्यंत जो स्नायू उतरतो ना, त्याला लॅट म्हणतात. त्याचा कमरेकडचा भाग लई हट्टी. त्याच्यासाठी मी तळवे आपल्याकडं करून वरची दांडी छातीपर्यंत ओढते. मग बाकावर वाकून एका हातानं डंबेल उचलायचं, पण छातीकडं नाही, कमरेकडं. शेवटी हात ताठ ठेवून केबल मांडीपर्यंत दाबायची. सर सारखे ओरडतात, "हातानं ओढू नको, कोपर खिशात घाल!" बाकीच्या पोरी म्हणतात, सर, आमच्या कपड्यांना खिसे कुठायत? मला मात्र लगेच उमगलं. तू माझ्या प्रत्येक ड्रेसला खिसा शिवतेस!

सुरुवातीला नुसते दंड दुखायचे. मग एका सकाळी वेणी घालायला हात वर केले, तर कमरेच्या जरा वर, दोन्हीकडं, गोड ठणका. अगं, तो हट्टी भाग जागा झाला म्हणून मी खोलीत एकटीच नाचले! आई म्हणते, "तुला पंख फुटलेत." तिला वाटतं टोमणा मारला. मला शाबासकी वाटते.

आता मुद्द्यावर येते. जानेवारीत लातूरलाच स्पर्धा आहे आणि मी नाव दिलंय. तिथं नियमानं दोन तुकड्यांचाच पोशाख असतो, पाठ सगळी उघडी. ऑनलाइन मागवला तो खांद्यात रुततो आणि मागं लोंबतो. इथल्या टेलरनं चित्र बघितलं आणि "ताई, हे आमच्यात होत नाही" म्हणून कागद पालथा ठेवला. मला फार लाज वाटली. मावशी, तू शिवशील का? मला स्टेजची भीती नाही, तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर मी नाव काढून घेईन, खरंच. मी जन्मल्यावर पहिलं झबलं तू शिवलंस. हेही तुझ्याच हातचं अंगावर असावं असं वाटतं.

सोबत ताणलं जाणारं कापड, चित्र आणि नवं माप आहे. शिवायचं नसेल तर कापड तसंच परत पाठव. चिठ्ठी लिहू नकोस, मला कळेल.

भीत भीत,
तुझी अंबिका

नांदेड, २७ नोव्हेंबर

चि. अंबिकास गुरम्माचा लई लई आशीर्वाद.

आगोदर भांडून घेते. एवढं सगळं माझ्यापासून लपवलंस व्हय गं? अन् मला भितीस? माझा हात थकला म्हणणारीचं झंपर कोण शिवतंय, ते बी कळव.

चित्र बघितलं अन् पयले दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. काकांना दावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं अन् म्हणले, "बक्षीस काय हाय?"

मला रातभर झोप न्हाई. सारी हयात बायांचं अंग झाकायला शिवलं बघ. दंड जाड दिसतो, झाक. पाठ काळी हाय, झाक. "मावशी, दिसंल असं शिव," असं मला आजवर कुणी म्हणलंच न्हाई. तू म्हणलीस. सकाळी उठून कात्री घेतली. एवढुशा कापडाला एवढा घाम कधी फुटला नव्हता, दोनदा उसवलं. मागची पट्टी बारीक ठेवलीय. बघणाऱ्याचं ध्यान शिवणीकडं जायचं न्हाई, पाठीकडंच जाईल. तुझा तो कमरेकडचा हट्टी भाग हाय न्हवं, त्याच्यावर एक दोरा येऊ दिला न्हाई.

तुझ्या आईला मीच सांगितलं. पयले रडली. मग म्हणली, "थंडीचे दिवस, शाल तरी देऊ का संगं?" अप्पा 'बघू' म्हणले. त्यांना न्हाई म्हणायचं असलं की ते न्हाईच म्हणतात, तवा घाबरू नको.

आता नीट ऐक. नवरी पयल्यांदा परक्या घरी निघाली की तिला एकटी धाडत न्हाईत. माझ्या लग्नात तुझी आई संगं आलती, माझा हात धरून बसलती. तुझं बी हे पयलंच जाणं हाय. मी सुई-दोरा घेऊन स्टेजच्या मागं उभी ऱ्हाते. तू निसती लोकांकडं पाठ कर अन् फुलव.

तुझी पाठराखीण,
गुरम्मा