त्या एका वाक्याचा घुमारा

मंगळवार, संध्याकाळ

युद्धाची धमकी देणाऱ्या तिकडच्या अध्यक्षांचं भाषण दुकानातल्या टीव्हीवरच ऐकलं. ‘शेजारच्या देशातल्या लोकांशी आमचं वैर नाही,’ या एका वाक्यावर सगळे खूश. हिनं तर देवापुढे साखर ठेवली. आमचा मुलगा संदीप त्या शेजारच्याच देशातल्या बंदरात क्रेनवर आहे ना.

पण त्या वाक्याचा घुमारा वेगळा होता! बाकीचं भाषण मोठ्या दालनातलं, हे वाक्य लहान खोलीतलं. मागाहून जोडलेलं. भाषा कळत नाही, अर्थ टीव्हीच्या खालच्या पट्टीवर वाचला; पण लाउडस्पीकरच्या धंद्यात जन्म गेला; आवाज माझा मी शिकलो. युद्धं टाळणारी जुनी भाषणं कितीदा ऐकलीत. त्यांत समेटाचं वाक्य ओघातच येतं. मग हे का जोडलं? ऐनवेळी शहाणपण सुचलं म्हणून? की हल्ला ठरलाय, आणि समोरच्याला गाफील ठेवायचंय?

संदीपचा फोन आला. “अण्णा, बंदर उघडतंय, उद्यापासून परत ड्यूटी.”

“उद्या घरीच थांब.”

“भाषण ऐकलं नाही का तुम्ही?”

“ऐकलं, म्हणूनच.”

“अण्णा, स्वल्प टीव्ही बंद करा बघू!” हसला आणि ठेवला.

हिला काय सांगू? पुन्हा लावलंय भाषण. तोच घुमारा. एवढ्या वेळी तरी माझा कान चुकू दे.