आईची वॉल्ट्झ आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार जोसेफ हेल्फ्रिक, आमच्या लोकांत शिलो, वय सत्तावन्न, धंदा गिटारवादन, राहणार झॉर्न नदीकाठचा कॅरव्हॅनतळ, अल्सास, फ्रान्स, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असे नोटरी मादाम क्लेस यांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की दारू पाजलेली नाही. दारू मी स्वतःच्या खर्चाने घेतो आणि आज घेतलेली नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या मानुश, म्हणजे इथल्या जिप्सी, लोकांत कोणी फारसे करत नाही, कारण मेलेल्याचे आम्ही काही ठेवून घेत नाही. त्याची कॅरव्हॅन जाळतो, वस्तू मोडतो, नाव तोंडातून काढत नाही, त्याच्या आवडीचा पदार्थ वर्षभर ताटात घेत नाही, आणि त्याची चाल घरच्यांनी हो म्हणेपर्यंत वाजवत नाही. मग वाटायला उरते काय? तरी लिहितो आहे, कारण माझ्याकडे एक वस्तू अशी आहे की ती जळत नाही, आणि ती माझी नाही.

कलम १. कॅरव्हॅन. माझ्यामागे ती आतल्या सामानासकट जाळावी. तळावर आग लावायला मनाई आहे. दंडाची रक्कम पाकिटात घालून मादाम क्लेस यांच्याकडे दिली आहे, म्हणजे कायद्याचाही मान राहील. काडी जवळच्या रक्ताच्या पुरुषाने लावायची असते. मला मूलबाळ नाही. रक्ताचा एकच माणूस आहे, माझा मोठा भाऊ पॉल, म्हणजे मांडीनोदादा. त्याची कॅरव्हॅन माझ्यापासून चाळीस पावलांवर आहे आणि या महिन्यापर्यंत सव्वीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नव्हता. तो कुत्र्याशी बोलायचा, मला ऐकू जाईल अशा बेताने. "काय रे, साहेब पॅरिसला निघाले वाटतं? बूट बघ कसे चमकतायत." या काळात त्याची तीन कुत्री झाली आणि तिन्ही माझ्याविषयी इत्थंभूत माहिती घेऊन मेली; आता चौथे आहे.

दादाने काडी लावली नाही तर नगरपालिकेची क्रेन येईल, कॅरव्हॅन भंगारात जाईल, आणि कोणी हौशी गाजो, म्हणजे आमच्यातला नसलेला माणूस, ती घेऊन बागेत कोंबड्या पाळील. एका नातलगाच्या कॅरव्हॅनचे असे झालेले मी पाहिले आहे. खिडकीला तोच पडदा होता. माझे हे होऊ नये एवढीच माझी या कागदाकडून खरी अपेक्षा आहे, आणि नेमकी तीच कायद्याच्या हातात नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक, मोठी गाडी, ध्वनियंत्रे आणि कार्यक्रमाचे काळे सूट माझ्या वादक मंडळीत कॉन्ट्राबास, म्हणजे उभे मोठे व्हायोलिन, वाजवणारे आंरी फ्रिट्श यांना द्यावेत. ते गाजो असल्यामुळे माझ्या वस्तू वापरण्याची त्यांना भीती नाही. सूट त्यांना होणार नाहीत, पण एकोणीस वर्षे माझा स्वभाव त्यांनी अंगात बसवून घेतला, सूटही बसवतील. मंडळीचे नाव मात्र माझ्याबरोबर बंद करावे.

कलम ३. गिटार. ती कॅरव्हॅनमध्येच ठेवावी. शहरातील एका संग्रहालयाने ती काचेच्या पेटीसाठी मागितली आहे. त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि वेळ कळवावी. धूर लांबूनही दिसतो.

ही गिटार दादाने मला सतराव्या वर्षी दिली. तो मंडळीचा पुढारी होता. सुरावट तो वाजवायचा आणि मी मागे बसून उजव्या हाताने ठोका धरायचो. आम्ही त्याला पंप म्हणतो, आणि पंपाइतकीच त्याला प्रतिष्ठा असते. पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "टाळ्या वाजवणाऱ्यांना तू ऐकू येता कामा नये. पण थांबलास तर त्यांना कळलं पाहिजे." लग्ने, बाप्तिस्मे, नदीकाठची हॉटेले अशी चौदा वर्षे मी ऐकू न येता वाजवले. मला राग होता असे नाही. मला फक्त दादाची पाठ पाठ झाली होती.

कलम ४. माझ्याविषयी वर्तमानपत्रांत 'संगीत याच्या रक्तातच आहे' असे लिहिणाऱ्या सर्वांना मी माझे रक्त तपासल्याचा अहवाल ठेवतो आहे. त्यात संगीत सापडले नाही. जे सापडले ते डॉक्टरांनी लाल शाईने अधोरेखित केले आहे.

कलम ५. हे कलम मी पाच ऑक्टोबरला लिहिले आणि आता खोडले आहे. खोडलेले वाचता यावे म्हणून रेघ एकच ओढली आहे. कारण पुढे देतो.

१९९७ च्या मे महिन्यात आमची आई गेली. तिचे नाव मी इथे लिहिणार नाही. मादाम क्लेस यांनी तीनदा विचारले, मी तीनदा खिडकीबाहेर पाहिले. दादाने तिच्यासाठी एक वॉल्ट्झ, तीन ठोक्यांची नाचाची चाल, केली होती. तिला नाव नव्हते, आम्ही 'आईची' म्हणायचो. दफन झाल्यावर दादाने घरातल्या सगळ्या गिटारींच्या तारा सैल केल्या, माझ्याही, आणि त्या पलंगाखाली सारल्या. वर्षभर वाजवायचे नाही. आईला क्रीममधली हेरिंग मासळी आवडायची, तीही बंद.

तीन आठवड्यांनी तळासमोरच्या पावाच्या दुकानात फोन आला. बेल्जियममधील गेंटच्या उत्सवाला एक मंडळी कमी पडत होती. त्या माणसाने विचारले, पुढारी कोण? मी म्हणालो, "मीच." माझी सगळी कारकीर्द त्या एका शब्दावर उभी आहे. मी गिटार पलंगाखालून काढली, दोन ओळखीचे वादक गोळा केले आणि तारा तळापासून बऱ्याच अंतरावर गेल्यावर कसल्या.

गेंटला दुपारच्या जेवणात हेरिंग होती. मी दोनदा घेतली.

कार्यक्रम इतका रंगला की लोक उठेनात. मला येत होते ते संपले होते. चौदा वर्षे मागे बसलेल्या माणसाकडे स्वतःचे असे किती असणार? मग मी आईची वॉल्ट्झ वाजवली. कोणीतरी ती ध्वनिमुद्रित करत होते. शरद ऋतूत तबकडी आली. वर चालीला एक गोंडस नाव आणि खाली 'रचना: शिलो हेल्फ्रिक'. मी दुरुस्ती करायला सांगितले नाही. उद्या सांगू, असे म्हणत सव्वीस वर्षे गेली.

तबकडी आली त्या दिवशी रोझाली वहिनी माझ्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "भाऊजी, हे विचारतायत, आईला विचारलं होतंत का?"

मी हसलो. मेलेल्या माणसाला कसं विचारणार, म्हणालो.

"तेच तर. म्हणून वर्षभर थांबायचं असतं," ती म्हणाली आणि गेली.

नंतर मी पुढारी म्हणून चांगले दिवस काढले. मागे बसणाऱ्यांना मी दादाचेच वाक्य ऐकवायचो, माझे म्हणून. ती वॉल्ट्झ लिफ्टमध्ये वाजली, दाताच्या दवाखान्यात वाजली, कॉफीच्या जाहिरातीत वाजली. दादाला दात काढायचे होते तेव्हा तो दुसऱ्या गावी गेला.

तर कलम पाच असे होते: वॉल्ट्झचे सर्व हक्क दादाला द्यावेत, रचनाकार म्हणून त्याचे नाव घालावे, आणि विशेषतः ती बंद ठेवण्याचा हक्क त्याला असावा. आठ तारखेच्या रविवारी मी कागद घेऊन ती चाळीस पावले चाललो. दादाला वाचता येत नाही. वहिनीने मोठ्याने वाचले. तो खुर्चीची बैठक विणत होता, हात थांबला नाही. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. कुत्रे शेजारीच होते, पण तो माझ्याशी बोलला.

"मेल्यावर सगळेच गप्प बसतात, शिलो. त्यात तुझं काय मोठेपण? शनिवारी गप्प बस."

शनिवारी, चौदा तारखेला, दुपारी चार वाजता गावच्या सभागृहात नव्या वाइनच्या मेळ्याचा माझा कार्यक्रम होता. पत्रकावर वॉल्ट्झचे नाव मंडळीच्या नावापेक्षा मोठे होते.

मी ती वाजवली नाही. शेवटी लोकांनी मागितली तेव्हा मी तारांवर पालथा हात ठेवला आणि आज नाही असे सांगितले. लोक हसले, त्यांना वाटले मी भाव खातो आहे. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने ती गुणगुणायला घेतली, दुसरीने साथ दिली, आणि मिनिटाभरात सगळे सभागृह गात होते. आंरीने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच नाही म्हटले. त्याने हात मागे घेतला. तीनशे माणसांनी माझ्या आईची वॉल्ट्झ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, ग्लास वर करून. मी हात तसाच दाबून बसलो होतो. आयुष्यात इतका निरुपयोगी हात मी कधी पाहिला नाही.

दादा मागे कोटांच्या खुंट्यांपाशी उभा होता. मी त्याला बाहेर गाड्यांजवळ गाठले आणि म्हणालो, "पाहिलंस ना? मी वाजवली नाही."

"पाहिलं. दुसरा भाग चुकीचा गातात."

"म्हणजे?"

"तू चुकीचा शिकवलायस त्यांना. तिथून वर जायचं नसतं, खाली यायचं असतं. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात मी तो बदलला. ती पडून ऐकायची. तू असायचास कुठे?"

मी तेव्हा हॉटेलांत वाजवत असायचो, कामाच्या नावाखाली; आजारी माणसाजवळ बसणे मला जमत नसे. हे मी त्याला सांगितले नाही, इथे लिहितो. मी एवढेच म्हणालो, मग एकदा वाजवून दाखव, मला बरोबर ऐकू दे.

"नाही," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "ती आहे तिथे बरी आहे. आणि त्या कागदावरनं माझं नाव काढ. लोक गातात ती माझी नव्हे."

म्हणून कलम पाच रद्द. नवे कलम असे: जगभर वाजते त्या वॉल्ट्झवर माझेच नाव राहू द्यावे, कारण तिच्यातील चूक माझी आहे. तिचे उत्पन्न आंरी फ्रिट्श यांना जावे. ती कोणीही, कुठेही वाजवावी. तिच्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. आईची वॉल्ट्झ वेगळी आहे. ती एकाच माणसाला येते, आणि मी ती न ऐकता मरणार आहे. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

कलम ६. माझ्यासाठी कोणी गिटार खाली ठेवावी असे मी मागत नाही. मागण्याचा हक्क मी गेंटला खाऊन आलो.

साक्षीदारांविषयी. मादाम क्लेस म्हणतात की साक्षीदाराला या कागदाने काही मिळत असेल तर चालत नाही. त्यामुळे आंरी बाद. काल मादाम क्लेस यांनी तळावर निरोप ठेवला होता की एक माणूस कमी आहे. आज सकाळी दादा टोपी हातात घेऊन त्यांच्या कचेरीत आला. हे मी लिहितो आहे तेव्हा तो टेबलापलीकडे बसला आहे आणि माझ्याकडे बघत नाही. आल्यापासून त्याने मादाम क्लेस यांना एकच प्रश्न विचारला: कॅरव्हॅनला काडी लावायला मिळणं, हे काही मिळणं धरतात का? त्यांनी पुस्तक उघडले, बराच वेळ पाहिले आणि सांगितले, धरत नाहीत. मग त्याने अंगठ्यासाठी शाई मागून घेतली.

येणेप्रमाणे हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले आणि दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

जोसेफ हेल्फ्रिक, उर्फ शिलो

साक्षीदार:
१. ल्युसियाँ केर्न, धंदा छत्र्यांची दुरुस्ती, नोटरींच्या कचेरीखालील दुकान. मृत्युपत्र करणाऱ्याशी तोंडओळखही नाही.
२. पॉल हेल्फ्रिक, उर्फ मांडीनो, धंदा खुर्च्या विणणे, मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा भाऊ. या पत्राने यास काहीही मिळत नाही. (अंगठा)

स्थळ: मादाम क्लेस यांची कचेरी, अल्सास
मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३