रहीमचाचाचं लाल फडकं

१४ नोव्हेंबर, अमरावती

आज मूर्तिजापूरला रहीमचाचाकडे जायलाच नको होतं. की फार आधी जायला हवं होतं?

मी अमरावतीच्या धावपट्टीवर विमान शिकत होतो तेव्हा चाचा तिथे राखणदार होता. शेतीत भागेना म्हणून आलेला. गुरं घुसली की लाल फडकं हलवत पळायचा. तेच फडकं आज त्याच्या सायकलच्या हँडलला बांधलेलं दिसलं.

चहा पिता पिता मी फुशारकी मारत बसलो. "चाचा, आता विमानच बोलते. रनवेवर दुसरं विमान असलं अन् आपण घुसलो, त कॉकपिटमंदी आवाज येते. परवा सरावात माह्यावर ओरडलं, मी जागीच थांबलो."

चाचाने सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "अन् मंग तुमी त्याले बोलत त नाई ना?"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी कप खाली ठेवला. शिकत असताना एकदा दुसरं विमान उतरत होतं, मी न बघताच धावपट्टीवर निघालो होतो, आणि हाच माणूस ते लाल फडकं घेऊन माझ्या विमानाच्या पंख्यासमोर उभा राहिला होता. खाली उतरून सगळ्यांदेखत मी त्याला किती बोललो! मधात कडमडतो काहून, अक्कल आहे का... तो मान खाली घालून ऐकत राहिला.

आज तरी माफी मागायची होती. "नाई चाचा, यंत्राले कोन बोलते," एवढंच म्हणालो आणि गाडीला किक मारली.

परवा त्या यंत्राला मात्र मी थँक्यू म्हणालो होतो. चांगलं मोठ्याने.